एजवुडचा तिसरा मजला

१६ मे १९६८. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहराच्या पश्चिम भागात एजवुड हायस्कूलची सुमारे ४०० मुले वर्गांतून उठली, रस्त्यावर आली आणि चालत शाळांच्या सुपरिंटेंडेंटच्या कचेरीवर गेली. मागण्या साध्या होत्या. शिकवण्याची पात्रता असलेले शिक्षक द्या, शिकायला लागणारे सामान द्या, इमारतीची डागडुजी करा. त्या वर्षी पॅरिसपासून शिकागोपर्यंत सगळीकडे विद्यार्थी रस्त्यावर होते. त्या गदारोळात एका गरीब मेक्सिकन-अमेरिकन वस्तीतल्या शाळेचा हा मोर्चा कुणाच्या लक्षात राहण्याचे कारण नव्हते. पण त्यातून निघालेला खटला आजही अमेरिकेतल्या प्रत्येक विधी महाविद्यालयात शिकवला जातो.

अमेरिकेतल्या संपत्तीच्या विषमतेचे आकडे आपल्याला तोंडपाठ झाले आहेत. वरच्या १ टक्का कुटुंबांकडे देशातल्या घरगुती संपत्तीचा सुमारे ३० टक्के हिस्सा, खालच्या निम्म्या लोकांकडे मिळून अडीच टक्क्यांच्या आसपास. हे आकडे वाचून माणूस हळहळतो आणि पान उलटतो. लोकशाहीत प्रत्येकाला एकच मत असते, मग या पैशाने नेमके काय बिघडते, हा प्रश्न तसाच राहतो. म्हणून इथे देश बाजूला ठेवून एकाच शहरातल्या दोन वस्त्या घेतल्या आहेत.

मुलांचे वडील

डिमेट्रिओ रॉड्रिग्ज हे केली हवाई तळावर पत्र्याचे काम करणारे कारागीर. नौदलात आणि हवाई दलात सेवा करून आलेले. त्यांची मुले एजवुड एलिमेंटरी शाळेत जात. शाळेच्या इमारतीचा तिसरा मजला धोकादायक म्हणून बंद केला होता आणि तिथे वटवाघळांनी घर केले होते.

मुलांच्या मोर्चानंतर पालक एकत्र आले. त्यांचा पहिला संशय अगदी आपल्यासारखाच होता: पैसे येतात, पण मधल्या मध्ये कुणीतरी खाते. ही तक्रार घेऊन ते आर्थर गॉकमन या वकिलांकडे गेले. गॉकमन यांनी हिशेब पाहिला आणि सांगितले की चोर शोधून उपयोग नाही. तुमच्या शाळेला पैसे येतच नाहीत आणि ते न येणे पूर्णपणे कायदेशीर आहे.

मला या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची घटना हीच वाटते. भ्रष्टाचार असता तर माणूस बदलून भागले असते. इथे नियमच तसा होता. १९६८ च्या उन्हाळ्यात रॉड्रिग्ज आणि इतर पालकांनी खटला दाखल केला.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून

अमेरिकेतली शाळा समजून घ्यायची तर आधी तिथली घरपट्टी समजून घ्यावी लागते. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींचा पगार राज्याच्या तिजोरीतून येतो, गावची घरपट्टी किती जमली यावर तो अवलंबून नसतो. अमेरिकेत शाळा चालवते ते स्कूल डिस्ट्रिक्ट. त्याची स्वतःची हद्द असते, स्वतःचे निवडून आलेले मंडळ असते आणि त्या हद्दीतल्या मालमत्तेवर कर बसवण्याचा अधिकार असतो. हद्दीत बंगले आणि दुकाने असली तर शाळा श्रीमंत, चाळवजा घरे असली तर शाळा गरीब. डॅलसच्या किंवा ह्यूस्टनच्या उपनगरात घर बघणारा मराठी माणूससुद्धा खोल्या मोजायच्या आधी ‘डिस्ट्रिक्ट कुठले?’ विचारतो. चांगल्या डिस्ट्रिक्टमधले घर महाग मिळते, ते महाग असते म्हणून त्यावर कर जास्त जमतो आणि कर जास्त जमतो म्हणून डिस्ट्रिक्ट चांगले राहते. या चक्रात आत शिरलेल्या कुणालाच ते मोडावेसे वाटत नाही, आपल्या लोकांनाही नाही.

टेक्सासात १९४९ च्या गिल्मर-एकिन कायद्यांनी किमान खर्चाचा एक पाया घालून दिला होता. त्यातला सुमारे ८० टक्के भार राज्याचा, २० टक्के सगळ्या डिस्ट्रिक्टनी मिळून उचलायचा. आपला वाटा भरून झाला की वरची जी पट्टी जमेल ती ज्याची त्याला. हे ऐकायला कुणालाही रास्तच वाटेल.

आता १९६७-६८ या शालेय वर्षाचा, पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रातच नोंदवलेला हिशेब पाहा. एजवुडमध्ये २५ शाळा आणि सुमारे २२,००० मुले. त्यांतली ९० टक्के मेक्सिकन-अमेरिकन, ६ टक्क्यांहून थोडी जास्त कृष्णवर्णीय. हद्दीतल्या मालमत्तेची आकारणी दर मुलामागे ५,९६० डॉलर, शहर परिसरात सगळ्यात कमी. कराचा दर १०० डॉलरला १ डॉलर ५ सेंट, शहर परिसरात सगळ्यात जास्त. इतका कर भरून, राज्याच्या योजनेतला वाटा दिल्यावर हातात उरले दर मुलामागे २६ डॉलर.

काही मैलांवर अलामो हाइट्स. चारी बाजूंनी सॅन अँटोनियोने वेढलेले, तरी कागदोपत्री वेगळे गाव. तिथल्या डिस्ट्रिक्टमध्ये ६ शाळा, सुमारे ५,००० मुले, बहुतेक गोरी. दर मुलामागे मालमत्ता ४९,००० डॉलरच्या वर. कराचा दर १०० डॉलरला ८५ सेंट. वाटा भरून उरले ३३३ डॉलर.

म्हणजे १०,००० डॉलर आकारणीच्या घरावर एजवुडचा कामगार १०५ डॉलर भरत होता आणि अलामो हाइट्सचा घरमालक ८५. जास्त भरणाऱ्याच्या मुलाला २६, कमी भरणाऱ्याच्या मुलाला ३३३.

राज्याचे पैसे धरले तर एजवुड २४८ आणि अलामो हाइट्स ५५८. राज्य सरकार गरीब डिस्ट्रिक्टला जास्त देत असेल असा आपला समज होतो. त्याने एजवुडला दर मुलामागे २२२ दिले आणि अलामो हाइट्सला २२५. तीन डॉलर जास्तच. केंद्र सरकारची मदत धरून शेवटचे आकडे ३५६ आणि ५९४ होतात. पण केंद्राचा तो पैसा गरीब मुलांना इतरांपेक्षा काही अधिक मिळावे म्हणून होता. इथे तो राज्याने सोडलेले भगदाड बुजवण्यात गेला.

बरे, एजवुडने कर आणखी वाढवला असता तर? न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांनी पुढे हे गणित मांडून दाखवले. काउंटीतल्या सर्वाधिक उत्पन्नाच्या बरोबरीला यायला अलामो हाइट्सला १०० डॉलरला ६८ सेंट पुरले असते, एजवुडला ५ डॉलर ७६ सेंट बसवावे लागले असते. आणि राज्याच्या कायद्याने कमाल दर होता दीड डॉलर. वस्तीने स्वतःच्या मुलांसाठी स्वतःला पिळून घ्यायचे ठरवले असते तरी कायद्याने हात धरला असता.

पैसा कमी म्हणजे वर्गात काय कमी, हेही नोंदलेले आहे. १९६८-६९ मध्ये एजवुडचे सुमारे ४७ टक्के शिक्षक तात्पुरत्या परवान्यावर शिकवत होते, अलामो हाइट्समध्ये ११ टक्के. मुलांना पुढच्या शिक्षणाबद्दल सल्ला देणारा एक समुपदेशक अलामो हाइट्समध्ये ६४५ मुलांमागे होता, एजवुडमध्ये ३,०९८ मुलांमागे.

एक जरा गमतीची गोष्ट. खटल्याचे नाव ‘सॅन अँटोनियो इंडिपेंडंट स्कूल डिस्ट्रिक्ट विरुद्ध रॉड्रिग्ज’. नाव वाचून वाटते की सॅन अँटोनियोचे डिस्ट्रिक्ट रॉड्रिग्जविरुद्ध लढले. सुरुवातीला प्रतिवादींत ते होते, हे खरे. पण सुनावणीआधीच त्याला वगळले गेले आणि पुढे त्याने रॉड्रिग्ज यांच्याच बाजूने निवेदन दिले. प्रत्यक्षात लढत होते टेक्सास राज्य.

पाच विरुद्ध चार

डिसेंबर १९७१ मध्ये सॅन अँटोनियोतल्या तीन न्यायाधीशांच्या केंद्रीय न्यायालयाने एकमताने रॉड्रिग्ज यांच्या बाजूने निकाल दिला आणि व्यवस्था सुधारायला विधिमंडळाला दोन वर्षांची मुदत दिली. राज्य वॉशिंग्टनला, सर्वोच्च न्यायालयात गेले. १२ ऑक्टोबर १९७२ ला युक्तिवाद झाले. टेक्सासतर्फे उभे राहिले विख्यात घटनातज्ज्ञ प्रा. चार्ल्स अ‍ॅलन राइट, पालकांतर्फे गॉकमन स्वतः.

२१ मार्च १९७३ ला निकाल लागला. रॉड्रिग्ज हरले, एका मताने.

बहुमताचे निकालपत्र लुइस पॉवेल यांनी लिहिले. पॉवेल हे व्हर्जिनियाचे नामांकित वकील. ते १९५२ ते १९६१ रिचमंडच्या शाळा मंडळाचे अध्यक्ष होते, पुढे राज्याच्या शिक्षण मंडळावरही होते. शाळा कशी चालते हे या खंडपीठात त्यांच्याइतके कुणालाच माहीत नसावे. त्यामुळे त्यांचे निकालपत्र खलनायकाचे भाषण समजून वाचू नये. त्यातले मुद्दे विचार करायला लावणारे आहेत.

पहिला मुद्दा: गरीब डिस्ट्रिक्ट म्हणजे गरीब माणसे, हे गृहीत कशावरून? कारखान्यांच्या आसपास गरीब वस्ती असते आणि कारखान्याच्या करामुळे डिस्ट्रिक्ट सधन असू शकते. दुसरा: पैसा आणि शिक्षणाचा दर्जा यांचा संबंध तज्ज्ञांतच वादाचा आहे. हे खरे होते, शाळेच्या पैशापेक्षा घरच्या परिस्थितीचा परिणाम मोठा म्हणणाऱ्या १९६६ च्या कोलमन अहवालानंतर तो वाद जोरात होता. तिसरा: आपल्या शाळेचे आपण ठरवावे, ही स्थानिक स्वराज्याची परंपरा मोलाची आहे. चौथा आणि कायद्याच्या दृष्टीने कळीचा: अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षणाचा हक्क कुठेही लिहिलेला नाही. आणि गरिबी हा वंशासारखा, न्यायालयाने विशेष डोळ्यांत तेल घालून पाहावा असा भेदभावाचा आधार नाही.

गॉकमन यांचा युक्तिवाद इथे थेट लोकशाहीला भिडत होता. भाषणस्वातंत्र्य आणि मताधिकार घटनेत आहेत. ज्याला नीट वाचता, मांडता, समजून घेता येत नाही त्याच्या हातात हे हक्क नुसते कागद राहतात. म्हणून शिक्षण हा त्या हक्कांचाच भाग मानावा. पॉवेल यांनी हा संबंध नाकारला नाही. त्यांचे उत्तर असे होते, की नागरिकांना बोलू देणे आणि मत देऊ देणे हे न्यायालय पाहू शकते, पण सगळ्यात परिणामकारक बोलणे किंवा सगळ्यात जाणते मतदान यांची हमी देण्याचा अधिकार किंवा क्षमता आपल्याकडे आहे असे न्यायालयाने कधीच मानलेले नाही.

हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बहुमतातले पाचवे मत पॉटर स्ट्युअर्ट यांचे होते. त्यांनी आपल्या छोट्या टिपणात लिहिले की टेक्सासची, आणि जवळजवळ प्रत्येक राज्याची, ही पद्धत गोंधळाची आणि अन्यायाची आहे असे म्हणता येईल, पण म्हणून ती घटनाबाह्य ठरत नाही. ज्या मताने रॉड्रिग्ज हरले त्या मताचेही म्हणणे हे अन्याय्य आहे असेच होते.

असहमतीचे सर्वांत मोठे निकालपत्र थर्गुड मार्शल यांचे. १९५४ मध्ये ‘ब्राउन’ खटल्यात वकील म्हणून उभे राहून ज्यांनी शाळांतला वंशभेद बेकायदा ठरवून घेतला, तेच आता न्यायासनावरून पाहत होते की कातडीच्या रंगाने जी रेघ मारता येत नाही ती हद्दीच्या नकाशाने मारता येते. पैशाचा आणि दर्जाचा संबंध नाही म्हणता, तर मग देशातली अतिश्रीमंत डिस्ट्रिक्ट टेक्सासच्या बाजूने इतक्या हिरिरीने या न्यायालयात का आली, असे त्यांनी विचारले. बेव्हर्ली हिल्स आणि ग्रोस पॉइंट त्यांत होती. पैशाने काही होत नसेल तर तो सोडायला इतके दुःख का? या प्रश्नाला बहुमताकडे चांगले उत्तर नव्हते, असे माझे मत आहे.

दाखवलेले दार

पॉवेल यांच्या निकालपत्राचा शेवट सौम्य आहे. मालमत्ता करावर राज्ये फार काळ आणि फार जास्त विसंबून राहिली असतील, सुधारणेची गरज उघड आहे, पण ती करायची कायदे करणाऱ्यांनी आणि त्यांना निवडून देणाऱ्यांच्या लोकशाही दबावाने. थोडक्यात, इथे नको, टेक्सासच्या राजधानीत, ऑस्टिनला विधिमंडळात जा.

सल्ला वाईट नव्हता. न्यायाधीशांनी कर ठरवू नयेत, हे मलाही पटते. पण हे कुणाला सांगितले जात होते ते पाहावे. टेक्सासात १९०२ पासून मतदानासाठी डोईपट्टी भरावी लागे, दीड ते पावणेदोन डॉलर. राज्याच्या निवडणुकांसाठी ती १९६६ पर्यंत चालू होती. म्हणजे एजवुडच्या पालकांनी खटला भरला त्याच्या दोनच वर्षे आधीपर्यंत गव्हर्नरला मत देण्यासाठी त्यांना पैसे मोजावे लागत होते. सॅन अँटोनियोचे नगरसेवक तर १९७७ पर्यंत वॉर्डातून नव्हे, सगळ्या शहरातून एकत्र निवडले जात, त्यामुळे पश्चिम भागातल्या माणसाला आपला म्हणावा असा नगरसेवक मिळणे मुश्कील. ज्यांना कालपर्यंत दारात उभे केले नव्हते, त्यांना ‘दाराने जा’ असे सांगणे झाले हे. मार्शल यांनी तेव्हाच लिहिले होते की कधीतरी पुढे होणाऱ्या राजकीय तोडग्याच्या आशेवर आपले समाधान होत नाही.

आणि त्या दाराचे पुढे काय झाले?

जानेवारी १९७६ मध्ये ‘बकली विरुद्ध व्हॅलिओ’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निवडणुकीतल्या खर्चावरच्या मर्यादा उडवल्या. उमेदवाराला थेट द्यायच्या देणगीवर मर्यादा चालेल, पण स्वतंत्रपणे खर्च करायला बंदी नाही, कारण खर्च म्हणजे अभिव्यक्ती. काहींचा आवाज तुलनेने मोठा व्हावा म्हणून इतरांचा आवाज कमी करणे ही कल्पनाच भाषणस्वातंत्र्य देणाऱ्या पहिल्या घटनादुरुस्तीला परकी आहे, असे न्यायालयाने म्हटले. त्या बहुमतात पॉवेल होते.

१९७८ मध्ये ‘फर्स्ट नॅशनल बँक ऑफ बोस्टन विरुद्ध बेलोटी’. मॅसॅच्युसेट्सच्या कायद्याने कंपन्यांना सार्वमतावर खर्च करायला मनाई होती. बँकेला आणि इतर काही कंपन्यांना ज्या सार्वमताविरुद्ध पैसा लावायचा होता, ते कशाबद्दल होते? जास्त उत्पन्नाला जास्त दराने आयकर लावावा का, याबद्दल. पाच विरुद्ध चार मतांनी बंदी रद्द झाली. निकालपत्र लिहिले लुइस पॉवेल यांनी. २०१० च्या ‘सिटिझन्स युनायटेड’ निकालाने कंपन्यांना निवडणूक खर्चाची जी मोकळीक दिली तिचा एक मोठा टेकू हाच निकाल. (या खटल्यात पुराणमतवादी न्यायमूर्ती रेनक्विस्ट हे पॉवेल यांच्या विरुद्ध गेले होते. हे पक्षांचे साधे भांडण नाही.)

१९७३ आणि १९७८ ची निकालपत्रे शेजारी ठेवून वाचली की मला कसेतरी होते. एजवुडच्या मुलाला परिणामकारक बोलता यावे याची हमी देणे न्यायालयाच्या आवाक्याबाहेरचे होते. बँकेचे बोलणे परिणामकारक होण्यात कायदा आडवा आला तेव्हा मात्र न्यायालयाला तो बाजूला करता आला. कायद्याचा पंडित म्हणेल की एकात सरकारने काही द्यायचे होते आणि दुसऱ्यात सरकारने हात आखडता घ्यायचा होता, दोन्ही प्रश्न वेगळे आहेत. तर्क म्हणून ठीक आहे. पण ज्याच्याकडे आधीच पैसा आहे त्याला नुसता मोकळा रस्ता पुरतो. ज्याच्याकडे नाही त्याला त्या रस्त्यावर चालायला पाय लागतात.

ऑस्टिनची वारी

राज्यातली पुढची लढाई लांबलचक आहे, ती भरभर सांगतो. १९८४ मध्ये एजवुडने आणि इतर गरीब डिस्ट्रिक्टनी राज्याच्या न्यायालयात नवा खटला घातला, ‘एजवुड विरुद्ध कर्बी’. या वेळी आधार टेक्सासच्या स्वतःच्या घटनेचा, जिच्यात विधिमंडळाने सार्वजनिक शाळांची ‘कार्यक्षम व्यवस्था’ करावी असे लिहिले आहे. २ ऑक्टोबर १९८९ ला टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने ९-० ने एजवुडच्या बाजूने निकाल दिला. तोवर सर्वांत श्रीमंत डिस्ट्रिक्टकडे दर मुलामागे १ कोटी ४० लाख डॉलरहून अधिक मालमत्ता होती, सर्वांत गरिबाकडे सुमारे २०,००० डॉलर. ७०० ला १. पॉवेल यांनी दाखवलेल्या दाराबाहेर सोळा वर्षे थांबून मिळालेला आकडा हा.

रॉड्रिग्ज यांनी त्या दिवशी डोळ्यांत पाणी आल्याचे सांगितले. एकवीस वर्षे हा थांबायला मोठा काळ आहे आणि माझ्या मुलांना याचा काही उपयोग होणार नाही, असेही म्हणाले.

विधिमंडळाने केलेले पहिले दोन कायदे न्यायालयाने परत पाठवले. मे १९९३ मध्ये श्रीमंत डिस्ट्रिक्टचा पैसा गरिबांकडे वळवण्यासाठी घटनादुरुस्ती मतदारांसमोर ठेवली, ती मोठ्या फरकाने पडली. इथे कुणा धनिकावर खापर फोडता येत नाही. आपल्या घरपट्टीचा पैसा दुसऱ्या गावच्या शाळेला जावा, हे साध्या मध्यमवर्गीय मतदारालाही नको होते. अखेर त्याच महिन्यात न्यायालयाच्या मुदतीच्या धाकाने कायदा झाला. त्याला सगळे ‘रॉबिनहूड’ म्हणतात: दर मुलामागे ठरावीक मर्यादेपलीकडे मालमत्ता असलेल्या डिस्ट्रिक्टने वरचा पैसा सोडायचा. १९९५ मध्ये तो कायदा टिकला.

आणि त्याचा उपयोग झाला, हे स्वच्छ सांगायला हवे. ७०० ला १ ची दरी राहिली नाही. पण मालमत्ता हा गरिबीचा आंधळा मापक आहे, हे पॉवेल यांचे म्हणणेही काही अंशी खरे ठरले. ऑस्टिन शहरात तंत्रज्ञान कंपन्या आल्या, जमिनीचे भाव गगनाला भिडले आणि शाळांतली निम्म्याच्या आसपास मुले अल्प उत्पन्न घरांतली असूनही ऑस्टिन राज्यात सगळ्यात जास्त पैसा सोडणारे डिस्ट्रिक्ट झाले. २०११ मध्ये विधिमंडळाने शाळांच्या निधीत ५.४ अब्ज डॉलरची कपात केली तेव्हा ६०० हून अधिक डिस्ट्रिक्ट, गरीब आणि श्रीमंत दोन्ही, न्यायालयात गेली. २०१६ मध्ये निकाल आला: व्यवस्थेत दोष आहेत, सुधारणेला भरपूर वाव आहे, पण घटनेची किमान अट पूर्ण होते. १९७३ चे सूर, नवे साल. रॉड्रिग्ज तोवर हयात नव्हते, २०१३ मध्ये वयाच्या ८७ व्या वर्षी ते गेले.

पेनसिल्व्हेनियाहून चेक

शेवटचा भाग पुन्हा एजवुडमध्येच सुरू होतो. १९९८ मध्ये सॅन अँटोनियोचे उद्योगपती जेम्स लायनिंगर यांच्या पुढाकाराने एका खाजगी प्रतिष्ठानने दहा वर्षांसाठी ५ कोटी डॉलरची योजना आणली. एजवुडच्या मुलांनी सरकारी शाळा सोडून खाजगी शाळेत जावे, फी आम्ही देऊ. ज्या वस्तीला न्यायालयांनी दर मुलामागे शंभर-दोनशे डॉलर नाकारले होते तिथे हा पैसा आला, तो त्या शाळेतून बाहेर पडण्यासाठी. काही पालकांनी तो आनंदाने घेतला. त्यांना दोष देणार कोण? समोरची शाळा पडकी असेल तर माणूस मुलाला उचलून बाहेर नेणारच. लायनिंगर यांना मात्र ही योजना राज्याच्या खर्चाने सगळीकडे हवी होती. सरकारी पैशाने खाजगी शाळेची फी देण्याच्या या योजनेला, म्हणजे ‘व्हाउचर’ला, विरोध करणाऱ्या स्वतःच्याच रिपब्लिकन पक्षातल्या आमदारांना २००६ च्या प्राथमिक फेरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत) पाडायला त्यांनी पैसा लावला. तरी विधिमंडळ बधले नाही. गावाकडच्या रिपब्लिकन आमदारांना ठाऊक होते की आपल्या तालुक्यात खाजगी शाळाच नाही. सरकारी शाळा हीच गावातली सगळ्यात मोठी नोकरी देणारी संस्था, शुक्रवारची फुटबॉलची मॅचही तिचीच.

नोव्हेंबर २०२३ मध्ये गव्हर्नर ग्रेग अ‍ॅबट यांच्या आग्रहाचे व्हाउचर विधेयक प्रतिनिधिगृहात ८४ विरुद्ध ६३ मतांनी निकालात निघाले. विरोधात मत देणाऱ्यांत २१ रिपब्लिकन होते. पॉवेल यांच्या शब्दांत सांगायचे तर निवडून देणाऱ्यांचा लोकशाही दबाव काम करत होता.

पुढच्याच महिन्यात अ‍ॅबट यांच्या निवडणूक निधीला शेअरबाजारातले अब्जाधीश जेफ येस यांच्याकडून ६० लाख डॉलरचा एकच चेक आला. टेक्सासच्या इतिहासातली ती सर्वांत मोठी एकरकमी देणगी, असे अ‍ॅबट यांच्याच प्रचारयंत्रणेने जाहीर केले. देणगीवर मर्यादा घालायला ‘बकली’ निकालाची हरकत नव्हती, टेक्सासने गव्हर्नरपदासाठी ती घातलेलीच नाही. २०२४ च्या प्राथमिक फेरीत अ‍ॅबट त्या बंडखोर आमदारांविरुद्ध उतरले. इतरही धनिकांचा आणि संघटनांचा पैसा आला. जाहिरातींत व्हाउचरपेक्षा सीमेवरच्या घुसखोरीचीच चर्चा जास्त होती. अनेक जण पडले, काही आधीच निवृत्त झाले होते. एप्रिल २०२५ मध्ये तेच प्रतिनिधिगृह ८६ विरुद्ध ६१ मतांनी ‘हो’ म्हणाले. ३ मे २०२५ ला अ‍ॅबट यांनी सही केली. पहिल्या टप्प्यासाठी तरतूद १ अब्ज डॉलर.

व्हाउचर चांगले की वाईट हा वेगळा वाद आहे आणि त्यात दोन्ही बाजूंना प्रामाणिक माणसे आहेत. इथे मुद्दा एवढाच की एजवुडच्या पालकांना १९७३ मध्ये ज्या दाराने जायला सांगितले, त्या दारातून ते १९८९ पर्यंत आत जाऊ शकले नाहीत. दुसरा एक माणूस एका मोसमात आत जाऊन आला. येस राहतात पेनसिल्व्हेनियात. टेक्सासात त्यांना मत नाही.